पाच फूट पाणी आणि आमची सांगली

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरचा जुना वाचक, कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो, संध्याकाळी गिटार वाजवतो आणि शनिवारी आमच्या भजनी मंडळात पेटीवर असतो. पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे त्यामुळं लांबलं तर सांभाळून घ्या, पण हे मनात धरून बसणं आता जमेना म्हणून लिहितोय.

झालं असं की माझी मुलगी नववीत आहे, तिनं एका कार्यक्रमात गिटारवर एक जुनं अमेरिकन कंट्री गाणं, म्हणजे तिकडचं गावाकडचं गाणं, म्हणायचं ठरवलं होतं, महिनाभर रोज तासभर बसून बोटं सोलवटून तिनं ते बसवलं आणि ऐनवेळी तिला सांगण्यात आलं की हे नको, एक तर इंग्रजी, त्यात कुणाला माहीत नाही, आणि त्यात पुराचा विषय, लोकांना आनंदाचं काहीतरी पाहिजे. तिचं नाव यादीतनं काढलं. कुणी काढलं, कुठला कार्यक्रम, ते मी लिहित नाही, त्या माणसांशी माझं भांडण नाही. पण "हे आपलं नाही" असं जे त्या पोरीला सांगितलं ते मला पटलेलं नाही. मी तर म्हणतो सांगलीइतकं हे गाणं दुसऱ्या कुठल्या गावाचं असेल तर दाखवा.

गाण्याचं नाव "फाइव्ह फीट हाय अँड रायझिंग". म्हणजे पाणी पाच फुटावर आलंय आणि अजून चढतंय. जॉनी कॅश या अमेरिकन कंट्री गायकानं १९५९ साली हे रेकॉर्ड केलं, ज्या अल्बममध्ये ते आहे त्याचं नाव "साँग्ज ऑफ अवर सॉइल", आपल्या मातीची गाणी. गाणं दोन मिनिटांच्याही आत संपतं. त्यात घरातला एक मुलगा आईला विचारतो पाणी किती आलं, मग बापाला तेच विचारतो, दोघं आकडा सांगतात, आणि मग त्या आकड्याला घरात शेतात काय काय चाललंय ते तो सांगतो. दोन फुटाला पीक पाण्याखाली गेलंय आणि घरी बनवलेली एक होडी तेवढी तरंगतीय, तीन फुटाला मधमाशांच्या पेट्या गेल्या, कोंबड्या झाडावर जाऊन बसल्या, गाय गुडघ्याच्या वर पाण्यात उभी आहे, चार फुटाला खिडकीतनं बघतात तर न्यायला बस येतीय, ती रेल्वेपर्यंत सोडणार, आणि पाच फुटाला रूळच वाहून गेलेत, आता उंचावर जायचं, पाणी उतरल्याशिवाय परत यायचं नाही. एवढंच. रडणं नाही, देवाला हाका नाहीत, सरकारला शिव्या नाहीत. फक्त आकडा आणि त्या आकड्याला काय दिसतंय ते.

आता सांगा साहेब, ऑगस्ट महिन्यात सांगलीत दुसरं काय बोलतात लोक? "आयर्विनला किती झालं?" चहाच्या गाड्यावर, लेथवर, एसटी स्टँडवर, फोनवर पुण्याच्या नातेवाइकांना, एकच वाक्य. आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल, त्याच्या खांबावर पाणी फुटात मोजतात. चाळीस फुटाला इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका पातळी, हे आमच्या इथल्या लहान पोरालाही पाढ्यासारखं पाठ आहे. कोयना धरणातनं किती सोडलं, अलमट्टी धरणातनं किती सोडलं, आणि आयर्विनला किती. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मग मारुती चौक, टिळक चौक, कुठल्या फुटाला पाणी कुठं येतं ते आम्हाला नकाशा न बघता सांगता येतं. हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला इंग्रजी निम्मंच कळलं होतं, पण पाणी किती आलं विचारणारा तो आवाज कळायला इंग्रजी लागलंच नाही.

या गाण्यामागची गोष्ट माहीत असावी म्हणून सांगतो. जॉनी कॅशचा जन्म १९३२ चा, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात किंग्जलँड गावात. घरची गरिबी, मंदीचा काळ. १९३५ ला त्याच्या वडलांना सरकारी योजनेत डायस नावाच्या वसाहतीत एक पाच खोल्यांचं घर आणि २० एकर रान मिळालं. सरकारनं तिथं ५०० च्या आसपास कुटुंबं वसवली होती, जमीन म्हणजे नुसती झाडी आणि दलदल, ती स्वतः तोडून साफ करायची आणि कापूस लावायचा आणि त्यातनं हप्ते फेडायचे. माती काळी, चिकट, पावसात पाय टाकला की चप्पल आत राहणारी, आपल्या नदीकाठच्या रानासारखीच. सगळं घर कापूस वेचायला, पोरंसुद्धा. आणि दोन वर्षं झाली नाहीत तोवर १९३७ च्या जानेवारीत ओहायो आणि मिसिसिपी नद्यांना पूर आला, तो पूर तिकडच्या इतिहासातल्या मोठ्या पुरांपैकी, सुमारे १० लाख लोक बेघर झाले. जॉनी तेव्हा पाच वर्षांचा पण नव्हता. घरच्यांना आगगाडीनं किंग्जलँडला परत जावं लागलं. बावीस वर्षांनी त्या पोराचं गाणं झालं. बावीस वर्षं ते पाणी त्याच्या डोक्यात होतं म्हणायचं.

पुढं १९४४ ला त्याचा थोरला भाऊ जॅक, चौदा वर्षांचा, चार पैसे मिळतील म्हणून लाकूड कापायच्या मशीनवर काम करत होता, तिथं करवतीत सापडून गेला. मी मशीनवर काम करणारा माणूस आहे, ही गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या माणसाच्या आवाजात जे खाली खोल बसलेलं ऐकू येतं ते कुठनं आलं असेल ते मग कळतं. नंतर तो एअरफोर्समध्ये गेला, जर्मनीत होता, तिथं त्यानं स्वस्तातली गिटार घेतली, १९५४ ला परत येऊन मेम्फिसमध्ये घरोघरी वस्तू विकत फिरला, आणि त्याच्या दुसऱ्या एका भावाच्या ओळखीनं त्याला दोन साथीदार मिळाले, ल्यूथर पर्किन्स आणि मार्शल ग्रांट. हे दोघं कोण? गॅरेजमधले मेकॅनिक! दिवसभर गाड्यांखाली आणि संध्याकाळी वाद्यं. मला याचा फार अभिमान वाटतो, का ते सांगायला नको. ल्यूथरला फार अवघड वाजवता यायचं नाही, जेवढं यायचं तेवढंच तो चोख वाजवायचा, आणि त्यातनंच तो रेल्वेच्या डब्यासारखा ठेका तयार झाला, बूम-चिका बूम-चिका, जो आज जगभर कुणालाही ओळखता येतो.

आता वाजवायचं कसं ते लिहितो कारण आमच्या इथं गिटारचे क्लास बरेच झालेत, पोरं मोबाईलवर बघून चार कॉर्ड धरतात आणि वर खाली हात मारत सुटतात, गाणं कुठलंही असो हात तोच. या गाण्यात तसं केलं तर गाणं मरतं. प्रत्येक कडव्याला मी तीनच कॉर्ड धरतो. उजव्या हाताच्या अंगठ्यानं आधी खर्जाची एकच तार, मग बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर हलका झाडू मारल्यासारखा हात, परत अंगठा पण आता शेजारच्या जाड तारेवर, परत झाडू. सी धरला असेल तर अंगठा पाचव्या तारेवर आणि मग चौथ्या तारेवर, असा आलटून पालटून. तबल्याच्या डग्ग्यासारखं समजा, बायाँ आधी, मग चाटी. आणि तळहाताची कड घोडीजवळ, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ, तारांवर अगदी हलकी टेकवून ठेवायची म्हणजे तार गुंजत राहत नाही, ठक ठक असा दबका आवाज येतो. हे टेकवणं जमायला मला दोन महिने लागले, जास्त दाबलं की तार मुकी, कमी दाबलं की सगळं घणघणतं.

कॅशची अजून एक युक्ती होती, त्यानं १९५६ च्या "आय वॉक द लाइन" या फार गाजलेल्या गाण्यात गिटारच्या तारांमध्ये कागद घालून वाजवलं, कारण त्यांच्याकडं ड्रम नव्हता आणि कागदानं ड्रमसारखी खसखस येते. मी हे करून बघितलं. पहिल्यांदा तुमच्याच पेपरची पट्टी घडी घालून तारांमधनं वर-खाली ओवली, पण पेपरचा कागद मऊ, दहा मिनिटांत पिंजला. मग लग्नपत्रिकेचा जाड कागद घातला तर तारच दबली. शेवटी जुन्या कॅलेंडरचं गुळगुळीत पान दुहेरी घडी घालून बसलं ते बरोबर बसलं, आणि तो आवाज आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज मी आधी ऐकला होता. मिरजेत. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली तो सुती दोरा सरकवतात ना, आणि एका ठिकाणी तो आला की तार बोलायला लागते, जवारी खुलते, तसंच. इथं कागदानं आवाज कोरडा होतो आणि तिथं दोऱ्यानं ओला होतो, एवढा फरक. पण तारेच्या खाली काहीतरी बारीक घालून तिचा स्वभाव बदलायचा हे मेम्फिसच्या माणसाला सुचलं आणि आमच्या मिरजेच्या सतारमेकरांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलंय. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले, मग तार ओळखणाऱ्या गावानं दुसऱ्याची तार परकी म्हणावी हे कसं?

आता या गाण्यातली खरी गंमत. प्रत्येक कडव्याला पाणी एक फूट चढतं आणि प्रत्येक कडव्याला गाण्याची पट्टी पण वर चढते! म्हणजे सा च बदलतो. मी ते माझ्या सोयीनं सी वरनं सुरू करतो, दोन फुटाला सी, तीन फुटाला डी, चार फुटाला ई, पाच फुटाला एफ. पेटीवाल्यांना सांगायचं तर पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी तीन, पांढरी चार. ऐकणाऱ्याला पट्टी बिट्टी कळत नाही पण त्याच्या छातीत काहीतरी वर सरकल्यासारखं होतं. आणि वाजवणाऱ्याच्या हातालाही ते कळतं बरं का, सी डी ई हे सोपे आकार, मोकळ्या तारा, आणि पाच फुटाला जो एफ येतो त्याला पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरावं लागतं, त्याला बार म्हणतात, मनगट दुखतं, एखादी तार हमखास कुजबुजते. माझी मुलगी म्हणाली बाबा पाच फुटालाच हात भरून येतो. म्हटलं बरोबर आहे, यायलाच पाहिजे.

पण लय मात्र वाढवायची नाही. हे मी मुद्दाम सांगतो कारण आम्ही भजनवाले लोक, गजर आला की आमची लय आपोआप चढते, टाळ जोरात, पखवाज दुप्पट. पहिल्या दिवशी मुलीनं आणि मी तसंच केलं, पाच फुटाला आम्ही पळत सुटलो होतो. मग मूळ रेकॉर्ड परत परत ऐकलं तर तो माणूस तसूभरही घाई करत नाही, दोन फुटाला जी चाल तीच पाच फुटाला. पट्टी चढते, चाल नाही. पाणी तसंच चढतं साहेब. ज्यानं बघितलंय त्याला माहीत आहे. पळत येत नाही ते, नुसतं येतं.

आम्ही बघितलंय. २०१९ ला आमच्या घरात. तळमजला आणि वर दोन खोल्या असं घर आहे, मधी जिना, पायरी सात इंचाची, मीच मोजलेली. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा पहाट होती, लाईट गेलेली. आई वरच्या खोलीतनं विचारायची, किती आलंय रे, आणि मी जिन्यात बॅटरी घेऊन उभा, सांगायचो दुसरी पायरी. अर्ध्या तासानं परत, किती आलंय रे. दुसरीच. मग तिसरी. शेजारच्या गच्चीवरनं पण तेच, तुमच्यात कितवी? आमच्यात पाचवी. प्रत्येक पायरीला मी खडूनं रेघ मारून वेळ लिहीत होतो, लेथवाल्याची सवय, माप घेतल्याशिवाय चैन पडत नाही. खाली पिठाचा डबा तरंगताना बघितला, पलंग फिरून दाराला आडवा लागलेला बघितला, आणि एक प्लास्टिकची खुर्ची खोलीभर सावकाश हिंडत होती, कुणीतरी बसायला जागा शोधतंय अशी. आठव्या पायरीला बोट आली आणि आम्हाला घेऊन गेली. आई बोटीत बसताना पण विचारत होती किती आलंय. परत आल्यावर भिंतीवरच्या गाळाच्या रेघेवरनं कळलं की अकराव्या पायरीला जाऊन थांबलं होतं, म्हणजे साडेसहा फुटाला जरासं कमी. आयर्विनला तेव्हा ५७ च्या वर गेलं होतं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, त्याबद्दल मला इथं जास्त लिहवत नाही.

वर नेताना सिलिंडर नेला, कागदपत्रं नेली, पीठ तांदूळ नेलं, टीव्ही नेला. गिटार खिळ्याला अडकवलेली तशीच राहिली. परत आलो तर दाराच्या मागं सापडली, पोट फुगलेलं, मागची फळी एका बाजूनं सुटलेली, आणि भोकातनं हात घातला तर मुठीत गाळ आला, काळा, थंड, लोण्यासारखा. बायको म्हणाली टाकून द्या. मी मिरजेला घेऊन गेलो. ज्या कारागिरांकडं गेलो त्यांनी आयुष्यभर सतारी-तंबोऱ्यांचे भोपळे कोरलेत, गिटार त्यांचं काम नाही, पण त्यांनी ती उलटी सुलटी करून बोटानं टकटक वाजवून बघितली आणि म्हणाले लाकूड मेलेलं नाही अजून, फक्त भिजलंय. सावलीत वाळवत ठेवली, मग सरस लावून दोऱ्यानं आवळून बांधली, घोडी नवीन बसवली, दीड महिना लागला. पैसे विचारले तर म्हणाले पुरातलीचे घेत नाही. त्या गिटारवर आज माझी मुलगी हे गाणं वाजवते. आवाज पहिल्यासारखा नाही, जरा जाड झालाय, आणि मला तोच आवडतो.

एका गोष्टीत मात्र माझं जॉनी कॅशशी जमत नाही, ते पण लिहायला पाहिजे. कार्यक्रमात हे गाणं म्हणायच्या आधी तो आईची आठवण सांगायचा, की पाणी उतरल्यावर आमच्या रानात काळ्या सुपीक गाळाचा थर पसरलेला होता आणि पुढच्या वर्षी कापूस आला तसा कधी आला नव्हता. ऐकायला फार चांगलं वाटतं आणि त्याच्या घरी तसं झालं असेल, मी खोटं म्हणत नाही. आपल्या इथं पण पूर्वी म्हातारी माणसं म्हणायची कृष्णामाई येते आणि देऊन जाते. पण आता ऊस दहा दहा दिवस पाण्यात उभा राहिला की शेंड्यात पाणी जाऊन आतनं कुजतो, गाळाबरोबर प्लास्टिक आणि ड्रेनेज येतं, आणि नदीकाठची रानं आधीच क्षारपड झालेली आहेत, त्यांना गाळानं काही होत नाही. माझ्या सासुरवाडीचं रान मी बघितलंय. त्यामुळं मुलीला मी सांगितलं की गाणं म्हण, पण ती गाळाची गोष्ट सांगू नको, आपल्याला खोटं बोलल्यासारखं होईल. तिला ते लगेच पटलं.

तर "इंग्रजी आहे, आपलं नाही" या म्हणण्याबद्दल. याच सांगली जिल्ह्यातल्या, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला! रशियातलं गाव, तिथली लढाई, आणि डफावर मराठी माणसानं गायलेली. त्यांना कुणी म्हणालं का की हे आपलं नाही? आपल्या बायकांनी जात्यावर ज्या ओव्या म्हटल्या त्यातल्या एक लाखाच्या वर ओव्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून गोळा करून ठेवल्यात, त्यात काय आहे? घरात काय झालं, रानात काय झालं, भाऊ आला नाही, पाऊस आला नाही. कंट्री म्हणजे दुसरं काय आहे? रानातल्या, गिरणीतल्या, रेल्वेतल्या माणसांनी स्वतःचं सांगितलेलं. त्यांच्याकडं पुराची गाणी तर ढिगानं आहेत, १९२७ ला मिसिसिपीचा मोठा पूर आला त्याच्यावर तिकडच्या काळ्या गायकांनी गिटारवर गाणी केली, चार्ली पॅटननं त्याच्या पुराच्या गाण्याची रेकॉर्ड केली ती १९२९ ला. त्याच वर्षी आपला आयर्विन पूल सुरू झाला बघा. तेव्हापासून या पुलाच्या खांबानं किती पाणी मोजलं, आणि आपल्याकडं त्याचं गाणं किती? आकडे तुमच्या पेपरात आहेत, पंचनामे तहसीलला आहेत. माझ्या आईचा "किती आलंय रे" कुठं आहे?

आणि कुणाला माहीत नाही म्हणून नको, हे पण चुकीचं आहे. १९८९ ला अमेरिकेत हिपहॉपवाल्या पोरांनी, दे ला सोल नावाचा ग्रुप, याच गाण्यातनं आपल्या पहिल्या अल्बमचं नाव घेतलं, तीन फूट पाणी असं, आणि तो अल्बम गाजला. म्हणजे कापूस वेचणाऱ्याचं गाणं तीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या पोरांना आपलं वाटलं. सांगलीच्या पोरीला वाटलं तर बिघडलं कुठं?

गिटार शिकवणाऱ्या सगळ्या मास्तर लोकांना माझी हात जोडून विनंती आहे की पोरांना एक तरी जुनं गाणं असं शिकवा, त्याच्या मागच्या गोष्टीसकट, कुणी केलं, कुठल्या गावात, तेव्हा तिथं काय चाललं होतं, आणि हात तसाच का पडतो. बंदिश शिकवताना गुरुजी सांगतात ना, घराणं कुठलं, कुणाकडनं आली. मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले, दर्ग्यात त्यांच्या नावानं अजून दरवर्षी गाणं होतं, लोक रात्ररात्र बसतात. अशा गावच्या पोरांना नुसते चार कॉर्ड देऊन घरी पाठवू नका. अंगठ्याचा ठेका शिकवा, पट्टी बदलायला शिकवा, मोबाईल खाली ठेवून कानानं सा शोधायला शिकवा.

दुसरी विनंती तुमच्याकडं. पुराच्या दिवसात लोकांनी जे बघितलं ते, आकड्यासकट, दोन दोन ओळीत मागवा आणि छापा. कितव्या फुटाला काय दिसलं. कुणाची म्हैस कुठं होती, कुणाच्या देव्हाऱ्यातलं काय वर नेलं, कुणाचं पुस्तक कुठल्या खिडकीत वाळलं. पुढारी आले गेले ते नको, ते छापून झालंय.

आम्ही बापलेक त्यातनं आमचं गाणं करतोय. जॉनी कॅशचं मराठी करायचं नाही, आपली ओवीच घ्यायची असं ठरलंय, फक्त पट्टी चढवायची त्याची कल्पना उचललीय, ती त्याच्याकडनं घेतली हे आम्ही म्हणायच्या आधी सांगणार. चाळीसला पांढरी एक, पंचेचाळीसला पांढरी दोन, पन्नासला पांढरी तीन, आणि सत्तावन्नला पांढरी चार. पहिली ओवी मुलीनं केली ती अशी:

पुलाच्या खांबाला गं, पाणी चाळीस लागलं
आजीनं फडताळातलं, पीठ माळ्याला टांगलं

दुसरी तिसरी झालीय. चौथी होत नाही, कारण सत्तावन्नला आम्ही घरात नव्हतोच, एका शाळेत सतरंजीवर झोपलो होतो, घरात काय चाललं होतं ते कुणी बघितलेलं नाही. आई म्हणते त्यात काय, त्या खडूच्या रेघा घाला, आठव्या पायरीपर्यंत रेघा होत्या आणि पुढच्या तीन पायऱ्या पाण्यानं आपल्या आपण मोजल्या. मुलगी कालपासून तेच जुळवत बसलीय, आणि एफ चा बार अजून तिचा स्वच्छ लागत नाही.

आपला,
एक वाचक, लेथ कामगार
सांगली